आणखी एक भांडं

एझेलचा उजवा हात आपोआप उठला आणि बंदुकीची दारू मोजायच्या यंत्राच्या दांड्यावर जाऊन बसला.

यंत्र रिकामं होतं. खाली काडतुसाची पुंगळीही नव्हती. तो खरं तर शेड झाडायला आला होता. डाव्या हातात केरसुणी तशीच होती. कोपऱ्यातल्या रेडिओवर गुरुवारचं प्रवचन शनिवारी दुपारी पुन्हा लागलं होतं. बायबलातली विधवेच्या तेलाची गोष्ट. घरात तेलाचं एकच बुधलं, दारात सावकार, आणि संदेष्टा तिला सांगतो, शेजारणींकडून रिकामी भांडी मागून आण, भांडी संपेपर्यंत तेल संपणार नाही. पास्टर आधी नुसते बोलत होते. मग बोलण्याला हेल आला, हेलाला सूर सापडला, ऑर्गन त्या सुराच्या मागोमाग निघाला, आणि 'आणखी एक भांडं आण, पोरा' म्हणता म्हणता ते बोलणं उरलंच नाही, गाणं झालं.

गुरुवारी याच जागी त्याने डोळे मिटून हात वर केला होता, 'होय, प्रभू' म्हटलं होतं. मग हात खाली आणून दांडा ओढला होता, पुंगळीत मापभर दारू पडली होती. पण हात वर करण्याआधी त्याच पुंगळीवर दांडा एकदा ओढून झाला होता का?

डोक्याला आठवत नव्हतं. हाताला आठवत होतं.

त्याने रेडिओ बंद केला. समोर फळीवर बंदुकीच्या दारूचे दोन डबे होते. एक जुना, वर्षानुवर्षं वापरलेला. त्यातली दारू जाडसर, पापुद्र्यापापुद्र्यांची, फुगीर. तिच्या एका मापाने पुंगळी अर्ध्याच्या वर भरायची. चुकून दोनदा पडली तर काठावरून सांडायची. दुसरा डबा नवा. ही दारू बारीक आणि जहाल. चिमूटभर पुरे, ती तळाशी दिसेल न दिसेल अशी पडून राहायची. मित्राचं, लेम्युएलचं, मनगट दुखतं, त्याला हलका धक्का देणारी काडतुसं हवीत, म्हणून ती घेतली, असं एझेल सगळ्यांना सांगत होता. ते खरंही होतं. पण दुकानात गल्ल्यावरच्या ट्रूडीने डबा हातात देताना म्हटलं होतं, "डीकन, ही चूक लपवते हं. तुमची जुनी बरी, ओरडून सांगते."

"चुका करणाऱ्यांनी घ्यावी की जुनी," तो म्हणाला होता.

दुकानातले दोघे-तिघे हसले होते. त्याला ते हसणं आवडलं होतं.

बॅटरी मारून प्रत्येक पुंगळीत पाहिलंही होतं त्याने. पण तेवढ्या खोलात करड्या दारूचा एक थर काय आणि दोन थर काय. वरून शिशाची गोळी बसली की झालं. असं दुप्पट भरलेलं एकच काडतूस पिस्तुलाचं गोळ्यांचं चक्र फोडतं, आणि ते चक्र माणसाच्या बोटांपासून वीतभरही लांब नसतं. त्या काडतुसांचा डबा शुक्रवारी लेम्युएल घेऊन गेला होता.

त्याने फोन लावला. लेम्युएलच्या बायकोने, ओडेसाने, उचलला.

"लेम्युएल आहे का?"

"तुम्ही भरलेली काडतुसं घेऊन गेला खडीच्या खाणीवर. फोन इथेच टाकलाय, माझ्या कांद्यांवर. का हो, डीकन? काही विशेष?"

एझेलने तोंड उघडलं. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा डीकन, लोकांच्या घरच्या भांडणात ज्याला बोलावतात तो माणूस. जीभ वळेना.

"काही नाही. सहज."

गाडी चालवताना ते 'सहज' त्याच्या कानात बसलं होतं. दोन्ही काचा खाली केल्या, बार ऐकू येतो का म्हणून. कपाशीच्या शेतांवरून नुसता वारा येत होता. बार आला नाही याचा अर्थ अजून उडवलं नाही, असा होता. किंवा उडवून झालं, असा.

खाणीच्या तळाशी लेम्युएलचा पिकअप उभा होता. त्याच्या पलीकडे मातीत लेम्युएल दुमडून पडल्यासारखा दिसत होता.

एझेल दार उघडं टाकून धावला. या वयात धावणं म्हणजे काय, पाय पुढे आणि पोट मागे. जवळ गेल्यावर दिसलं, लेम्युएल गुडघ्यांवर होता आणि जमिनीवरून काहीतरी वेचत होता.

"लागलंय का रे?"

लेम्युएल दचकून उठला. हातातली कापडी पिशवी मांडीमागे गेली.

"काय लागायचंय? तू इकडे कुठे?"

"किती उडवल्यास?"

"सगळ्या. आत्ताच संपल्या. नेहमीसारख्या, एकदम लोणी."

एझेलने हवा हुंगली. जळलेल्या दारूचा वास नव्हता. त्याने हात पुढे केला. रिकाम्या पुंगळ्या त्यालाच परत मिळायच्या, पुन्हा भरायला. ती रीतच होती. लेम्युएलने पिशवी दिली नाही, तेव्हा त्याने ती घेतली.

पुंगळ्या गार होत्या. काहींत माती वाळली होती. त्याने दोन उलट्या करून चष्म्याजवळ धरल्या. एकीच्या बुडावर पिस्तुलाची टोच आपटल्याची खूण मधोमध, दुसरीच्या कडेला.

"ही तुझ्या पिस्तुलाची नाही," तो म्हणाला. "हीसुद्धा नाही. दुसऱ्यांनी उडवलेल्या वेचतोयस."

लेम्युएल खाणीच्या भिंतीकडे पाहत राहिला. त्याचा उजवा हात थरथरत होता. डाव्याने त्याने तो दाबून धरला. हा हात एझेलने चर्चमध्ये थरथरताना पाहिला होता, आणि पवित्र आत्मा संचारला असं समजून मोठ्याने आमेन म्हटलं होतं.

"कधीपासून?"

"व्हर्नीसला पुरलं त्या हिवाळ्यापासून." व्हर्नीस एझेलची बायको.

"आणि माझे डबे?"

लेम्युएलने पिकअपमधली ताडपत्री उचलली. खाली अवजारांची पेटी होती. तिच्यात एझेलच्या हस्ताक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेले डबे, एकावर एक, चळत लावून. एकही फोडलेला नव्हता.

"नको म्हटलं असतं, तर दर महिन्याला तुझ्याकडे यायला कारण काय सांगणार होतो? ओडेसाला वाटतं, मी नेम धरतो. तुलाही वाटायचं." तो ताडपत्रीची कड बोटांत चुरगाळत होता. "माफ कर, गड्या. तुझी एवढी मेहनत."

कोणीतरी एझेलची माफी मागत होतं, आणि त्याला क्षणभर बरं वाटलं. ते बरं वाटलेलं कळलं तेव्हा त्याचे कान तापले.

"वरचा डबा दे," तो म्हणाला. "त्यातली एक मी दोनदा भरलीय. कुठली ते माहीत नाही."

लेम्युएलने त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"गुरुवारी?"

"हं."

"भांड्यांवालं प्रवचन?"

एझेलने मान खाली घातली.

"मीही ऐकत होतो," लेम्युएल म्हणाला. "हात वर केला, आणि कॉफी ओडेसाच्या नव्या टेबलक्लॉथवर. अजून बोलत नाहीये नीट."

शेडमध्ये आल्यावर ते ओंडक्याच्या दोन बाजूंना बसले. पोकळ डोक्याच्या हातोड्यात एकेक काडतूस उलटं अडकवायचं, हातोडा ओंडक्यावर आपटायचा, की गोळी आणि दारू सुटून हातोड्याच्या पोकळीत पडते. आपटायचं काम लेम्युएलने घेतलं. त्या कामाला नेम लागत नाही. एझेल बशीत ओतून पाहायचा. चिमूट. चिमूट. चिमूट.

मग एकदा बशीत ढीग पडला. चिमटीत मावणार नाही एवढा.

दोघांनी पाहिलं. एझेल बशी खाली ठेवीना. लेम्युएलने ती त्याच्या हातातून हळूच काढली आणि पुढचं काडतूस मागितलं. मग एकेक करून सगळी सुटी केली.

"आता पुढच्या महिन्यापासून नको," एझेल म्हणाला.

"का नको? पण जुनी घाल. सांडणारी."

"उडवणार तर नाहीस."

"नाही." लेम्युएल रिकाम्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करत होता, दोन्ही हातांनी. एक आडवी पडली, ती पुन्हा उभी केली. "पण माझ्या दारात, गाडीत राहायच्या आहेत ना. कधी ओडेसाच्या हाती पडल्या तर." मग रेडिओकडे हनुवटी करत म्हणाला, "तो लावत जा. तू दांडा ओढ, आमेन मी म्हणत जाईन."

एझेल उठला. जुना डबा काढून यंत्रात ओतला, एक पुंगळी खाली धरली आणि दांडा ओढला. मग मुद्दाम त्याच पुंगळीवर पुन्हा ओढला. दारू काठावर आली, काठावरून त्याच्या बोटांवर आणि बोटांवरून बाकावर सांडली.

लेम्युएलने आणखी एक पुंगळी पुढे केली. एझेल हात मागे न घेता तसाच उभा राहिला.