तांबटाने विचारलं होतं

आर्डनाकोलचा व्हिस्कीचा कारखाना बंद पडला त्याला अडतीस वर्षं झाली. स्कॉटलंडच्या त्या किनाऱ्यावर, दारू गाळायचे तांब्याचे हंडे होते तिथे, आता गाड्या उभ्या राहतात. कारखाना कुणी बुडवला असं डूगल मॅकफेलला विचारलं, तर तो स्वतःकडे बोट दाखवायचा.

एकोणीस वर्षांचा असताना त्याने घोळ घातला होता. हंड्यात फेस कुठवर चढलाय ते ऐकायला दोरीला टांगलेला लाकडी गोळा बाहेरून हळूच आपटायचा असतो. फेस उतू जाईल या भीतीने याने हातोडाच हाणला. हंड्याच्या पोटाला बशीएवढा पोचा आला. गाव वर्षभर हसलं. पुढे तोच मुख्य भट्टीवाला झाला, हंडा झिजला, नवा घडवायला तांबट आला. जुन्याचे पोचेसुद्धा नव्यावर जसेच्या तसे ठोकायचे, चव हलू द्यायची नाही, ही त्यांची रीत. तांबटाने विचारलं, हा बशीएवढाही ठोकू ना? डूगलला लाज वाटली. राहू दे, म्हणाला.

चार वर्षांत कारखान्याला टाळं लागलं. त्या साली मागणीच नव्हती, आणखीही कितीतरी बंद पडले, हे त्याच्या मुलीने, इशबेलने, शंभरदा सांगून पाहिलं. त्याचं एकच, "चव गेली, पोरी. मी घालवली."

आता डॉक्टरांनी थोडेच दिवस दिले होते. हे ओझं घेऊन बाबा जायला नकोत, एवढंच इशबेलला वाटत होतं. दुपारी तिने त्याला उशांना टेकवून बसवलं, दोन पेले भरले. एक जुन्या हंड्याची, एक नव्याची, ओळखा म्हणाली.

दुसरा पेला ओठांना लागला मात्र, त्याचे डोळे भरून आले. "ही आपली." पहिला त्याने लांब सारला. "ही माझी. पोकळ."

"बाबा, दोन्ही एकाच बाटलीतल्या आहेत. तुमच्याच नव्या हंड्याच्या. काही बिघडलं नव्हतं हो."

डूगलने पुन्हा दोन्ही चाखल्या. बराच वेळ तोंडात घोळवल्या.

"म्हणजे जीभही गेली तर," तो म्हणाला.

मग एक थेंब न सांडता त्याने एक पेला दुसऱ्यात ओतला आणि तिच्यापुढे धरला. "तू सांग. जुनीसारखी आहे?"

इशबेलने घोट घेतला. "अगदी तशीच."

त्याने तिचा हात थोपटला. कारखाना बंद पडला तेव्हा ती सात वर्षांची होती, हे त्याला पक्कं आठवत होतं.