साडूच्या मक्याचा रंग

बांधापलीकडचा मका त्याच्या साडूचा होता आणि तो जास्त हिरवा होता. दुःख एवढंच, पण ते रोज नव्यानं उगवत होतं.

त्यात घरचा आहेर. "दाजींचा मका पाहिलात? कसा काळाभोर दिसतोय!" बायको म्हणाली. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण त्याच्या कुठल्या गोष्टीचं तिनं असं कौतुक केलेलं त्याला आठवेना.

खताच्या दुकानातून त्याला हिरव्या रंगांची प्लास्टिकची पट्टी मिळाली होती. पान तिच्यावर धरायचं. चौथ्या रंगापेक्षा फिकं असेल तरच युरिया टाकायचा. उजाडताच तो बांध ओलांडून साडूच्या मक्यात उकिडवा बसायचा आणि चोरासारखं पान पट्टीवर धरायचा. पाचवा रंग! मग दुपारी स्वतःच्या शेतात, राजरोस, टळटळीत उन्हात. तिसरा. की त्याहूनही फिका? लगेच युरियाचं आणखी एक पोतं फुटायचं. महिन्याभरात चार वेळा असं झालं.

मध्ये दोनदा जोराचा पाऊस झाला. शेताचा उतार खालच्या तळ्याकडे होता. तळ्यात बायकोचे मासे होते. बोटाएवढी पिल्लं सोडून दोन वर्षं तिनं त्यांना स्वतःच्या हातानं खाऊ घातलं होतं. आता पाण्यावर हिरवी साय धरली. ती त्यानं पाहिली आणि तसाच साडूचं पान बघायला गेला.

एका सकाळी मासे उलटे तरंगत होते. बायकोनं हाक मारली ती बांधापलीकडे. तो पोचला तेव्हा साडू गुडघाभर पाण्यात उभा राहून धापा टाकणारे मासे टबात काढत होता.

मासे काढून झाल्यावर साडू वर आला. त्यानं शेताकडे पाहिलं, रिकामी पोती पाहिली, याच्या खिशातली पट्टी उपसून घेतली आणि उन्हाकडे पाठ करून एक पान तिच्यावर धरलं.

"पट्टी उन्हात धरत होतास ना, शहाण्या? उन्हात सगळंच फिकं दिसतं. आपल्या सावलीत धरायची असते. बघ, तुझं पान पट्टीच्याही पुढे गेलंय. मला तू केव्हाच मागे टाकलंस."

जिंकल्याची बातमी त्यानं मेलेल्या माशांकडे बघत ऐकली.

बायको बादली घेऊन आली. "पाणी असं कशानं झालं हो, दाजी?"

पुन्हा दाजीच.

साडूनं पट्टी हळूच याच्या खिशात परत सरकवली. "हवा बदलली की होतं कधी कधी."

म्हणजे चांगुलपणातही साडूच पुढे! पोटातली आग भडकली आणि तिच्याच झळीनं त्याचं तोंड उघडलं.

"हवेनं नाही. माझ्या युरियानं. सगळा तळ्यात वाहून गेला. साय धरली तेव्हा मी पाहिलंही होतं."

 तिनं बादली त्याच्या पायाशी ठेवली.

"मेलेले तुम्ही काढा. एकट्यानं."

साडू सवयीनं बादलीकडे वाकला, तसा हा खेकसला, "हात लावू नका! ती मला म्हणाली."