तीन-दहाचा कागद

रेघेच्या दोन्ही कडांना केस फुटले होते. भिंगाखाली ते स्पष्ट दिसत होते. शाई कागदाच्या तंतूंतून आडवी पसरली की अशीच बारीक, निळसर काळी लव येते. कार्बनची खूण कधी अशी पसरत नाही, ती पडते तिथेच काजळीच्या कणांसारखी बसून राहते. कांताने भिंग जरा वर उचललं, तशी लव नाहीशी झाली आणि रेघ पुन्हा नुसती रेघ झाली, एकाचा आकडा झाली. तीन, टिंब, एक, शून्य. तीन वाजून दहा मिनिटं. कुणीही तेच वाचेल. तिने भिंग पुन्हा खाली नेलं — केस.

हे त्यांना दिसतील का? ते भिंग आणतील का? मिलचा सॉलिसिटर खिशात भिंग घेऊन फिरत असेल का...

खालच्या मजल्यावर छापखान्यात कंपोझिटर कालच्या अंकाचे शिशाचे खिळे एकेक करून आपापल्या घरात परत टाकत होते, त्याची बारीक टकटक फरशीतून वर येत होती. सव्वाअकरा झाले होते. चारला ते येणार.

कागद छापून आज आठ दिवस झाले होते. हाताएवढा, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखा कॉपीचा कागद. मिलच्या मॅनेजरने फाटकावरच्या जमादाराला पाठवलेल्या इंग्रजी चिठ्ठीची कार्बन प्रत. मुख्य फाटक अमुक वाजल्यापासून कुलूप लावून बंद ठेवावे, आत-बाहेर कुणालाही सोडू नये. तारीख गेल्या वर्षीच्या जानेवारीतली, परळला गोळीबार झाला त्या दिवसाची. गोळीबार सुरू झाला तीन-पंचवीसला, याबद्दल कुणाचाच वाद नव्हता. मिल म्हणत होती, गोळ्यांचे आवाज ऐकल्यावर आम्ही तीन-चाळीसला फाटक लावलं, आतल्या माणसांच्या जिवासाठी. चिठ्ठी पाठोपाठ, दप्तरी नोंद म्हणून टाइप केली. पण चिठ्ठीत तीन-दहा असेल तर फाटक पंधरा मिनिटं आधीच बंद होतं, म्हणजे काय होणार ते आत कुणाला तरी ठाऊक होतं, आणि कांताच्या चाळीतला शिवा, दुसऱ्या पाळीला आलेला, त्या फाटकावर मुठी आपटत असताना गोळी लागून... संपादक बाबुरावांनी आठ कॉलमी मथळा दिला होता. खाली कागदाच्याच छायाचित्राचा ब्लॉक. निवडणूक तीन आठवड्यांवर होती, शिवाजी पार्कवरच्या सभेत तो अंक हातात उंच धरून दाखवला गेला होता. मिलचे मालक म्हणाले, कागदावरची वेळ बनावट आहे. त्यांच्या बाजूची दोन वृत्तपत्रंही तेच म्हणाली. मग बाबुरावांनी पहिल्या पानावर चौकट टाकली — या, आणि मूळ कागद डोळ्यांनी पाहा.

"तू बी.एस्सी. आहेस," सकाळी ते म्हणाले होते. "कागद, कार्बन, टाइप, सगळं त्यांना शास्त्रीय भाषेत सांग. मी बोललो की त्याचा अग्रलेख होतो. आणि त्यांनी विचारलंच, तर एवढंच म्हणायचं, कागद हाती आला तसा आहे."

कागद हाती आला तसा आहे. पाच शब्द. कांताने ते मनात उच्चारून पाहिले, आणि दर वेळी 'तसा'पाशी जीभ जड झाली.

कागद हाती आला तेव्हा इतका फिका होता की तिरपा धरून वाचावा लागत होता. मिलच्या कचेरीतला शिपाई गुणाजी तो बनियनच्या आत घडी करून घेऊन आला होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं; जुन्या फायली निकालात काढताना मिलचा शिक्का आणि ती तारीख एवढं पाहून त्याने उचलला होता. कागद देऊन तो दुसऱ्याच दिवशी गावी निघून गेला, कुठल्या गावी तेही सांगून गेला नाही. मग ब्लॉक करणाऱ्या कुशाबांनी कागद दिव्यापुढे धरला आणि नाक मुरडलं.

"हे उठायचं नाही, बाई. कॅमेरा काय आपल्या डोळ्यासारखा समजूतदार नसतो. जरा गिरवून द्या."

गिरवून देणं हे त्या कचेरीत रोजचंच होतं. फोटो असो, नकाशा असो, फिकं दिसलं की कुंचला फिरवायचा. आणि कांताचा हात त्यासाठी नावाजलेला होता. चार वर्षं वनस्पतिशास्त्राच्या जर्नलमध्ये टाकाच्या टोकाने पेशी काढलेला हात. त्या संध्याकाळी तिने भिंग लावून, श्वास रोखून, अक्षरामागून अक्षर गिरवलं. सगळी अक्षरं दिसत होती. फिकी, पण दिसत होती. फक्त एका जागी कागदाची घडी गेली होती, गुणाजीच्या अंगाशी घासून तिथला कार्बन उडाला होता, आणि तीन आणि शून्य यांच्यामध्ये उरली होती एक उभी रेघ. रेघ? रेघेचा खालचा अर्धा भाग, आणि पायाशी एक आडवी टिकली.

टाइपरायटरवर एकाचा आकडा वेगळा नसतो, इंग्रजी 'एल' वापरतात. त्याला पायाशी टिकली असते. हे तिला माहीत होतं, आणि माहीत आहे याचा तेव्हा आनंदही झाला होता. त्या मशीनच्या इंग्रजी चारालाही पायाशी टिकली आहे, हे तिने पाहिलं काल. मिलचं एक जुनं पत्र कचेरीत सापडलं, त्यात '१९५४' होतं... चाराचा पाय. हुबेहूब.

मग मला त्या संध्याकाळी काय दिसलं होतं?

हा प्रश्न कालपासून तिच्या पाठीशी लागला होता. चाराची तिरपी रेघ आणि आडवी रेघ, त्यांची पुसटशी सावली तरी होती का तिथे? होती, असं वाटलं की ती लगेच दिसायला लागायची. नव्हती, असं वाटलं की जागा कोरी व्हायची. दोन्ही चित्रं सारखीच ठळक. पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला होता, आणि तिने प्रत्येक पेशीत नीट गोल केंद्रक काढून दाखवलं होतं. सरांनी काचपट्टी पाहिली, वही पाहिली. म्हणाले, "रंग द्यायला विसरलात तुम्ही. यात केंद्रक दिसणं शक्य नाही. कुठे पाहिलंत?" वर्ग हसला होता. पण ती खोटं बोलली नव्हती. तिला दिसलं होतं. पुस्तकात असतं म्हणून काढलं असं नाही, खरंच दिसलं होतं...

भिंग ठेवून तिने पट्टी घेतली. टाइपात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा. एकाची रेघ जागेच्या मधोमध येते, चाराचा दांडा किंचित उजवीकडे, अर्धा मिलिमीटर. मोजलं. रेघ बरोबर मधोमध होती. क्षणभर छाती हलकी झाली, आणि दुसऱ्याच क्षणी कळलं की आपण आपलीच शाई मोजतो आहोत. एक असतो मधोमध, म्हणून मी ती मधोमध ओढली. आणि ब्लॉकसुद्धा गिरवल्यानंतरचा. मूळ रेघ आता फक्त एका ठिकाणी उरली होती — माझ्या रेघेच्या खाली.

ती जिना उतरून मागच्या खोलीत गेली. कुशाबा बशीत ओतलेल्या, तांब्याच्या तबकडीसारख्या दिसणाऱ्या चहावर फुंकर घालत होते.

"कुशाबा, तो मिलचा कागद मी गिरवला, हे कुणी विचारलं तर?"

"तर काय? गेल्या आठवड्यात त्या पुढाऱ्याचा फोटो आला, एक डोळा मिटलेला. बुबुळ कुणी घातलं? ह्या कुशाबाने." ते हसले. "आता तो माणूस दोन्ही डोळ्यांनी मतं मागत फिरतोय. कोण विचारतंय?"

"पण बुबुळ असतंच ना. इथे..."

"इथे काय?"

"काही नाही," कांता म्हणाली.

रखमामावशीला तिनेच दाखवला होता तो आकडा. लालबागच्या चाळीत, गॅलरीत, अंक आला त्याच सकाळी. शिवाची आई वाचू शकत नव्हती, म्हणून कांताने तिचं बोट धरून ब्लॉकवर टेकवलं होतं: हा बघ, हा एक आणि हे शून्य, तीन-दहा. वर्षभर ती बाई धड जेवली नव्हती. गोळीबाराच्या दिवशी शिवा म्हणाला होता, रस्त्यावर गडबड आहे, आज कामाला जात नाही. आणि तिने त्याला ढकलून पाठवलं होतं, हे सगळ्या चाळीने ऐकलं होतं: "अरे, एकदा मिलच्या आत गेलास की तुका कोण हात लावतला?" वर्षभर ती हेच एक वाक्य भिंतीशी बोलत होती. आणि त्या सकाळी, बोट आकड्यावर ठेवून ती कितीतरी वेळ बसली, मग म्हणाली, "म्हणजे तो वेळेवर पोचलो होतो. फाटकच नव्हता उघडा. माझा चुकला नाय गो, कांते?"

"नाही मावशी. तुझं काही चुकलं नाही."

त्या दिवशी दुपारी रखमामावशीने भात खाल्ला. आज सकाळी कांता निघाली तेव्हा ती गॅलरीत लसूण सोलत होती आणि शेजारणीला चिडवत होती. वर्षानंतर चिडवत होती...

मग तीन-दहाच असू दे ना. कुणाचं काय बिघडतं? बाबुरावांचं म्हणणं खरंच होतं की, गोळ्या चालू असताना कार्बन लावून चिठ्ठी टाइप करत कोण बसेल? पटण्यासारखं होतं. पण पटणं वेगळं, दिसणं वेगळं. आणि चारला विचारणार होते ते पटण्याबद्दल नव्हे. शिवाय समजा तीन-चाळीस असेल, तरी मॅनेजर साधू ठरत नाही, गोळी मागे जात नाही. फक्त एक बाई पुन्हा भिंतीशी बोलायला लागेल.

आणि तरीही कळण्याचा मार्ग होता. हेच सगळ्यात वाईट होतं. साधी निळी-काळी शाई ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने आणि आंबटाच्या एका थेंबाने उडते. कार्बन उडत नाही, कोळशावर कशाचा काय परिणाम होणार? इंटरला शिकलेली गोष्ट. दीड वाजता ती नाक्यावरच्या केमिस्टकडून पुडी आणि खालच्या हॉटेलातून अर्धं लिंबू घेऊन आली, टायपिस्टकडून एक कार्बन प्रत मागून घेतली, तिच्यावर आपल्याच टाकाने एक रेघ ओढली, वाळू दिली, आणि काडीने थेंब सोडला. नाकात झोंबणारा वास आला. रेघ आधी तपकिरी झाली, मग पिवळी, मग नाहीशी. खालचं अक्षर जसंच्या तसं, काळं, शांत.

इतका वेळ ती मनाशी म्हणत होती, कळायला मार्ग नाही, मी काय करू. आता तेही म्हणता येत नव्हतं.

अडीच वाजता ती बाबुरावांच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. सांगताना स्वतःचाच आवाज तिला वर्गात उत्तर देणाऱ्या मुलीसारखा वाटत होता. बाबुरावांनी चष्मा काढला.

"तुला नक्की काय दिसलं होतं?"

"उभी रेघ. अर्धी."

"मग एकच तो."

"चारालाही उभी रेघ असते."

त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. मग एकदम म्हणाले, "हे मला चारनंतर सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं गं?" आणि लगेच, स्वतःलाच लाज वाटल्यासारखं, खिडकीकडे वळले. "धुतलंस तर म्हणतील पुरावा पुसला. नाही धुतलंस तर म्हणतील पुरावा लिहिला. आणि त्या पोरासाठी मी तो मथळा दिला, कांता. मतांसाठी नाही." थोडं थांबून, "मतांसाठीही," ते म्हणाले.

"त्यांच्यासमोर धुवू?"

"आणि चार निघाला तर?"

कांताने बोटांवरचा लिंबाचा चिकटपणा पदराला पुसला.

"मी तुला आता कुठलंच वाक्य देत नाही," ते म्हणाले. सकाळचे पाच शब्द त्यांनी परत घेतले, आणि खोलीत त्यांच्याऐवजी काहीच उरलं नाही.

ती टेबलाशी येऊन बसली. कागद समोर, लिंबाची फोड बाजूला सुकत चाललेली. तिला वाटलं होतं, सांगितल्यावर भीती जाईल; निदान अर्धी तरी. ती गेली नव्हती, पण जागेवरही नव्हती. सकाळपासून भीती होती ती सॉलिसिटरची, त्याच्या भिंगाची, 'बनावट' या शब्दाची, उद्याच्या दोन वृत्तपत्रांतल्या मथळ्यांची. आता तिने तो माणूस डोळ्यांपुढे आणून पाहिला, त्याचा कोट, त्याचं वाकून पाहणं, आणि तिला आश्चर्य वाटलं की त्याला काय सांगायचं ते तिला अगदी सहज येत होतं. गिरवलं आहे. मी गिरवलं आहे. खाली काय होतं ते मला दिसलं नाही. तुमच्यासमोर धुते, बघा. अनोळखी माणसाला हे सांगायला किती सोपं होतं...

जिन्यावर पावलं वाजली, दोघांची, मग तिसऱ्याची. बाबुरावांनी बाहेर येऊन "या, या" म्हटलं, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने. कांता उठली, पदर नीट केला. पण मन त्या पावलांकडे नव्हतंच. ते लालबागच्या जिन्याने वर चढलं होतं, गॅलरीत वळलं होतं. संध्याकाळचे सात, दारोदार पेटलेल्या शेगड्या. जिन्यापासून रखमामावशीच्या दारापर्यंत पाच दारं, आणि त्यातलं पहिलं आत्ताच मागे पडलं होतं. मावशी, तुझं बोट दे, असं म्हणू? की मावशी, ऐक... की आधी नुसती जवळ बसू, आणि मग...

"यांना दाखव," बाबुराव म्हणाले.

दुसरं दार. मी काय म्हणणार आहे?