उलटं बसवलेलं मशीन

पुतण्याच्या घरी जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी आत्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ तर एक दिवसही अडखळली नाही, पण उजवा हात गेला तो गेलाच. खांद्याखाली नुसता लोंबायचा आणि मूठ घट्ट मिटलेली. कुणी विचारलं तर म्हणायची, "आत काय आहे ते कुणाला दाखवायचं नाही, म्हणून मिटलीय."

आत्यानं लग्न केलं नव्हतं. एकतीस वर्षं छापखान्यात यंत्राच्या रुळांवर काम केलं आणि त्या पगारावर दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिली. दर रविवारी भावाचं सगळं बिऱ्हाड तिच्याकडे पास्ता खायला यायचं. भाऊ गेला, मग पुतण्याचं बिऱ्हाड येऊ लागलं. आत्या मैद्यात अंडी फोडून पीठ मळायची आणि लांब लाटण्यानं पारी इतकी पातळ लाटायची, की खालच्या फळीच्या रेषा वर दिसाव्यात. पण लाटण्याला दोन हात लागतात. झटका आला आणि रविवार बंद पडला.

पुतण्याला लहानपणी ढब्या म्हणायचे. चाळिशी उलटली तरी आत्याच्या तोंडी ढब्याच. एका संध्याकाळी तो बायकोला घेऊन आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "घरमालकाला सांगून आलोय. महिनाअखेरीला आपण खोल्या सोडतोय. आमची मागची खोली रिकामीच आहे."

"आपण म्हणजे कोण रे? भाडं तर मी भरते."

"आत्या, एका हातानं कशी राहणार तू? परवा चहा सांडलास."

"माझा चहा, माझी फरशी. तुझ्या पोटात का दुखतं?"

"लोक मला नावं ठेवतात."

"चांगली ठेवत असतील. मी तर ढब्या ठेवलं होतं."

सूनबाईला हसू आलं, ते तिनं पदराआड लपवलं. पण पुतण्या हटेना. शेवटी आत्यानंच तोडगा काढला. "येत्या रविवारी सगळे इथं जेवायला या. पास्ता मी करणार, एकटी. नाही जमला तर सोमवारी बोचकं बांधते. जमला, तर तू स्वतः घरमालकाकडे जाऊन सांगायचं, की आत्या हलत नाही."

"ठरलं," पुतण्या म्हणाला. तो इतक्या चटकन म्हणाला, की आत्याला राग आला.

गुरुवारी ती सूनबाईला घेऊन भांड्यांच्या दुकानात गेली. दुकानदारानं तिचा हात पाहिला आणि विजेवर चालणारं मशीन पुढं सरकवलं. "आजी, हे घ्या. वरून पीठ टाका, बटण दाबा, खालून पास्ता. तुम्ही नुसतं बसायचं."

"बसायला घरी खुर्ची आहे. हाताचं दाखव."

त्यानं तीन मशीनं मांडली. पहिलं तिनं डाव्या हातानं सहज उचललं आणि तसंच ठेवलं. "हे पिठाच्या गोळ्याबरोबर टेबलभर फिरेल." मग दुकानदाराच्या जुन्या पावतीच्या दोन पट्ट्या सूनबाईकडून फाडून घेतल्या, दुसऱ्या मशीनचे रूळ अगदी जवळ आणले आणि दोन टोकांना एकेक पट्टी अडकवायला लावली. एक पट्टी ओढली, ती घट्ट. दुसरी ओढली, ती लोण्यातून सुरी यावी तशी आली.

"रूळ तिरपा आहे. पारी एका कडेला जाड, एका कडेला फाटकी."

"आजी, एवढं कोण बघतं?"

"छापखान्यात एवढं बघितलं नाही तर अर्धं पान कोरं निघतं, बाळा."

तिसऱ्याच्या दोन्ही पट्ट्या सारख्या घट्ट निघाल्या. वजन चांगलं, टेबलाला आवळायचा शिकंजाही जाड. पण हँडल उजवीकडे.

"डाव्या हाताचं निघत नाही," दुकानदार म्हणाला. "म्हणून म्हटलं, बटणाचं घ्या."

सूनबाईला वाटलं, संपलं. तेवढ्यात आत्या काउंटरला वळसा घालून आत शिरली.

"अहो आजी, इकडं गिऱ्हाईक येत नाही!"

"आलं की आता." दुकानदाराच्या जागेवर उभी राहून तिनं मशीनकडे पाहिलं. हँडल तिच्या डावीकडे होतं. "हेच बांध. आणि एक कोरडा कुंचला दे."

"कुंचला कशाला? नळाखाली धरायचं, स्वच्छ."

"रुळाला पाणी? गंज चढेल. तू दुकान चालव. मशीनचं माझ्यावर सोड."

शुक्रवारी तिनं भिंतीला लागलेलं टेबल पायानं ढकलत, पाठीनं रेटत खोलीच्या मधोमध आणलं आणि शिकंजा पलीकडच्या कडेला आवळला, म्हणजे हँडल डाव्या हाताला आलं. एका हातानं पीठ मळायला तास गेला. डाव्या हातानं हँडल फिरवलं, पारी खाली उतरली, पण धरायला कुणी नाही. ती खाली गोळा होऊन चिकटून बसली. दुसरी पारी तशीच. तिसरी तिनं भिंतीवर फेकली.

शनिवारी तिनं उजवा हात टेबलावर ठेवला आणि डाव्या हातानं त्याचं एकेक बोट उलगडलं. वर मैदा भुरभुरला आणि तो हात रुळांखाली सपाट निजवला. हँडल फिरवलं. पारी उतरली ती पंजावर, तिथून मनगटावर, मनगटावरून पुढं फळीवर घसरत गेली. "काम नाही म्हणून निजला होतास काय रे?" आत्या हाताला म्हणाली.

रविवारी पुतण्या दारातच थबकला. "टेबल मध्ये का? आणि मशीन उलटं बसवलंयस! बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "हिला सुलटं-उलटंही कळेना आता."

सूनबाई म्हणाली, "तुम्ही गप्प बसा आणि बघा."

आत्यानं कुणाकडे पाहिलं नाही. बोटं उलगडली, मैदा भुरभुरला, हँडल धरलं. पारीमागून पारी फळीवर पसरत गेली, खालच्या लाकडाच्या रेषा दाखवत. पट्ट्या सुरीनं कापल्या, त्या मात्र वेड्यावाकड्या आल्या. एक बोटभर रुंद, एक अंगठ्याएवढी. पुतण्यानं दोनदा वाढून घेतलं आणि तिसऱ्यांदा ताट पुढं करताना मान खाली घातली.

"उद्या सकाळी जातो मालकाकडे."

"आज जा. रविवारी तो घरीच असतो."

तो उठला. जाता जाता मदत म्हणून शिकंजा सोडवून मशीन उचललं आणि मोरीकडे निघाला.

"ढब्या! पाणी लागलं तर तुला धुऊन वाळत घालीन!"

त्यानं ते मुकाट्यानं होतं तिथं, होतं तसं, उलटंच ठेवलं.

आत्या त्यानंतर अकरा वर्षांनी वारली, जुळ्या सहावीत होत्या तेव्हा, थंडीत, एका बुधवारी सकाळी, आपल्याच खोलीत.