पोळी धरली कॅमेऱ्यानं

देवपुरातल्या सुगंधाबाईंची खापराची पोळी एवढी पातळ, की एकदा वाऱ्यानं हातावरून उडाली ती पांझरा नदी ओलांडून थेट पलीकडे एका वकिलाच्या ताटात पडली. वकील अजून विचारतो म्हणे, तूप कुठंय. हे सांगणाऱ्या खुद्द सुगंधाबाई. त्यांचं असलं काही कुणी खरं धरत नसे, पण पोळी मात्र खरी होती. पुरण भरलेला गोळा या हातावरून त्या हातावर टाकत टाकत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर अलगद सोडायचा. पोळपाट नाही, लाटणं नाही.

यंदा डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला आणि सांगितलं, आता बस. ही आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, शेवटची.

"मना एक फोटो काढ," सुगंधाबाई सुनेला म्हणाल्या. "पोयी हातवर शे, असा. भितवर टांगसूत. हार पडाना आगोदर."

"आई, त्यापेक्षा मोबाईलवर व्हिडिओ काढते की."

"व्हिडिओले खिळा ठोकतस का?"

सून म्हणजे रत्ना. होळीनंतर तिनं नवा कॅमेरा घेतला होता आणि ऑटो सोडून सगळं आपलं आपण ठरवायचं, असं डोक्यात घेतलं होतं. नवरा म्हणाला, फोटोवाल्याला बोलावू. तिनंच त्याला गप्प बसवलं. म्हणजे आता फसलं तर पुढच्या वर्षी पुन्हा काढू म्हणायची सोय नाही, आणि बोट दाखवायला दुसरं कुणी नाही.

आखाजीच्या सकाळी अंगणात हिरव्या जाळीखाली चूल पेटली. रत्ना या घरात आली तेव्हा सासूनं तिला पहिला धडा दिला होता, खापराजवळ घाई करायची नाही, घाईनं पोळी फाटते. तो धडा तिच्या अंगात इतका मुरलेला, की तिनं कॅमेऱ्यालाही तोच लावला. शटर संथ ठेवलं. उजेडही भरपूर मिळतो, छान.

फोटोत सुगंधाबाईंना चार हात आले, आणि हातांच्या मधे नुसता धूर.

"हाई काय शे वं?" सुगंधाबाईंनी वाकून पाहिलं. "मी पोयी करी ऱ्हायनी का गोधडी झटकी ऱ्हायनी?"

रत्नानं श्वास रोखून धरला, भिंतीला टेकली, मुकाट्यानं ऑटोवरही टाकून पाहिलं. गोधडी ती गोधडीच. इकडे परातीतले गोळे कमी कमी होत चालले आणि सासूबाई मधेच थांबून खांदा चोळायला लागल्या.

उरलेले गोळे असेच वाया घालवण्यात अर्थ नव्हता. ती उठून कडुनिंबाखाली गेली. तिथं माहेरपणाला आलेली नणंद मेघा झोक्यावर होती.

"वहिनी, माझा काढ."

रत्नानं काढला. मेघाचं डोकंच पुसल्यासारखं गायब.

"हे बरं, तोंडाचा खर्च वाचला," मेघा म्हणाली.

रत्नाला हसू येईना. तिनं मान वळवून चुलीकडे पाहिलं. सासूबाई स्वतःशीच पुटपुटत होत्या, "सावकाश, सावकाश." आणि हात? ते झोक्यापेक्षा जोरात पळत होते. सावकाशी सगळी तोंडात होती.

मग पळणाऱ्याला धरायचं तर कॅमेऱ्यानंही पळायला नको का?

तिनं शटर पाचशेवर, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागावर नेलं. मेघाची वेणी हवेत जागच्या जागी थांबली, पण भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखा अंधार. म्हणून तिनं आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, वाढवत नेला. उजेड आला, सोबत फोटोवर बारीक रवाळ दाणेही आले. येऊ देत.

"रत्ना, एकच गोया ऱ्हायना," चुलीकडून आवाज आला.

ती धावत गेली, जाळीखालच्या सावलीसाठी आयएसओ आणखी थोडा चढवला आणि गुडघ्यावर बसली. गोळा हातावर चढला, सरकला, पसरला, या कोपरावरून त्या कोपरावर गेला. रत्नानं बोट दाबलं. मग पोळी खापरावर नीट पडेपर्यंत तिला पडद्याकडे बघायचा धीर झाला नाही.

पाहिलं तर पोळी हवेत ताणलेली, काठ न काठ स्पष्ट. तिच्यामागून सुगंधाबाईंची हनुवटी आणि अर्धं हसू आरपार दिसत होतं.

रत्नानं फोटो मोठा करून पुन्हा एकदा काठ तपासले.

"काय जयं? फसनं का?"

रत्नानं कॅमेरा त्यांच्यापुढे धरला. सुगंधाबाईंनी पिठाचे हात मागे धरून पडदा आधी जवळून, मग लांबून पाहिला.

"जरा धुयकट शे," शेवटी त्या म्हणाल्या.

"ते दाणे येतात, आई. उजेड कमी होता."

"ऱ्हाऊ दे. लोके पीठ समजतीन." त्यांनी हात धुतले, पाठ भिंतीला टेकली आणि खांदा सैल सोडला. "भितवर मी गयी एकदानी. आते दुखू दे कितलं दुखनं ते."

रत्नाला एकदम आठवलं, आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही. तिनं तीच पोळी ताटात घेतली आणि वाटीत आमरस ओतला. तोवर मेघा झोका सोडून फोटो बघायला आली आणि सुगंधाबाई सावरून बसल्या.

"पोयी दहा हात व्हती बरं का. फोटोमा मावेना, म्हणीसन मी जराशी आखडती लिधी. इचार तुनी वहिनीले."

मेघानं रत्नाकडे पाहिलं. रत्नाच्या तोंडात मोठा घास होता. तिनं मान हलवली, होय म्हणून.