शेजारच्या सीटवरची थरथर

गाडीचा रोग सांगावा तर नाडीवाल्यांनीच, असं त्यांच्या गॅरेजच्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना म्हटलं जाई आणि त्यात फुगवून सांगितलेलं फारसं काही नव्हतं. ह्या नाडीवाल्या मिस्त्रींची रीतच न्यारी होती. गाडी आली की दुसरे मिस्त्री आधी खाली शिरत. हे आधी वर चढत. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसायचं, चपला काढून उघडे तळवे पत्र्यावर टेकवायचे, एक हात दारावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हं, चला." वैद्याने मनगट धरावं तशी ते तळव्यांनी गाडी धरत आणि फेरी मारून फाटकाशी परत येईतो रोगाचं नाव तयार असे. एकदा एक टँकरवाला गावातली सगळी गॅरेजं पालथी घालून, गिअरबॉक्स दोनदा उघडून, रडकुंडीला येऊन त्यांच्या दारात उभा राहिला. मिस्त्री एक फेरी मारून उतरले आणि म्हणाले, "गाडी तुमच्यापेक्षा धडधाकट आहे. सीटखाली पाना पडलाय तेवढा काढा." काढला, तर खरोखरच पाना, आणि तोही आधीच्या मिस्त्रीचा! ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. पण दुसरं कोणी सांगायला लागलं, तर उठूनही जात नसत.

लाकडाच्या वखारीचा जुना ट्रक त्यांच्याकडे आला तो केवळ ब्रेकच्या कामासाठी. ट्रकचे ड्रायव्हर म्हणजे मामा. वखारीतला लहानथोर प्रत्येक जण त्यांना मामाच म्हणे. बुटका, मितभाषी, पांढऱ्या मिशांचा माणूस. ती गाडी नवी कोरी आली तेव्हापासून तिचं चाक त्यांच्याच हातात होतं, आणि वखारीचे मालक थट्टेनं म्हणत की, मामीपेक्षा मामांचा संसार ह्या सवतीशीच जास्त झाला. ब्रेक झाले, आणि चाचणीसाठी नेहमीप्रमाणे मिस्त्री शेजारी बसले. रस्ता मोकळा लागला, काटा पंचेचाळिसाच्या पुढे सरकला, आणि त्यांच्या तळव्यांखाली पत्रा थरथरायला लागला. धक्का नव्हे, आवाज नव्हे. थंडी वाजून यावी तशी बारीक, सलग थरथर.

"न्यूट्रल करा," मिस्त्री म्हणाले. मामांनी केली. थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष. दुखणं गिअरबॉक्सच्या मागं, मागच्या चाकांना फिरवणाऱ्या लांब शाफ्टमध्ये.

"कधीपासून आहे हे?"

मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. थोडा जास्तच वेळ पाहिलं. मग रस्त्याकडे तोंड फिरवून म्हणाले, "मी एकटा असलो की नसतं."

मिस्त्रींच्या कपाळाची शीर उठली. जन्मभर त्यांनी ड्रायव्हरांच्या थापा ऐकल्या होत्या. क्लच दणकन सोडून, गाडी खड्ड्यांतून हाणून शाफ्टची वाट लावायची आणि वर 'मी कुठं काय केलं' म्हणायचं, हा त्या जातीचा धर्मच, असं त्यांचं मत होतं. गाडी परतली तेव्हा मालक गॅरेजच्या दारातच उभे होते. वखारीची माणसं, दुसऱ्या गाड्यांचे ड्रायव्हर, चहा पीत बसलेले चार रिकामटेकडे, सगळे होते. त्या सगळ्यांच्या देखत मिस्त्री म्हणाले, "म्हातारपणी हात जड झालाय तुमच्या माणसाचा. शाफ्ट खाल्लाय त्यानं, आणि विचारलं तर मलाच वेड्यात काढतो."

 मामांनी खिशातून गाडीची किल्ली काढली, सदऱ्याला पुसली आणि मालकांच्या हातात दिली. मालकांनाही मनात कुठंतरी नवा, तरणा ड्रायव्हर हवाच होता. नाडीवाल्यांचा शब्द म्हणजे त्यांना आयतंच निमित्त मिळालं. मामा पायीच घरी गेले.

मग शाफ्ट उतरला. खोलण्याआधी मिस्त्रींनी दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगानं खुणा केल्या, कारण जोडताना शाफ्ट एक दात जरी इकडचा तिकडे झाला, तरी नसलेली थरथर ओढवून घेतल्यासारखं होतं. दोन्ही टोकांच्या सांध्यांतले क्रॉस नवे घातले, मधलं बेअरिंग बदललं, शाफ्ट ठोकळ्यांवर फिरवून त्याला खडूचं टोक लावून पाहिलं. कुठं वाकला असेल, तर खडू तेवढ्याच जागी लागतो. खडू सगळीकडे सारखा लागला. शाफ्ट सुतासारखा सरळ होता. गाडी रस्त्यावर गेली, मिस्त्री शेजारी बसले, काटा पंचेचाळिसाच्या पुढे गेला, आणि थरथर हजर. त्यांनी पुढची चाकं मागं आणि मागची पुढं केली. थरथर. गिअरबॉक्सखालची रबरं बदलली. थरथर. सोबत काम करणारा त्यांचा धाकटा भाऊ एकदा कुजबुजला, "दादा, मी आत्ता एकटा चालवून आलो, तेव्हा तर लोण्यासारखी पळत होती."

"मग तुझ्या पायाला जोड्याची सवय," मिस्त्री म्हणाले. "तुला काय कळणार!"

भाऊ गप्प बसला. तो हल्ली बराच गप्प बसे.

शेवटी मालक स्वतः आले. वखारीत लाकूड अडकून पडलं होतं आणि नव्या ड्रायव्हरलाही त्या गाडीत काही वावगं वाटत नव्हतं. मालक चाकावर, मिस्त्री शेजारी. दोघांनाही थरथर स्पष्ट लागली, इतकी की समोरच्या काचेवर लटकवलेली लहानशी माळ शहारत होती. "थांबवा," मिस्त्री म्हणाले. "मी खाली उतरतो. तुम्ही माझ्यासमोरून जा, मी आवाज ऐकतो." ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ट्रक लांबून आला, समोरून गेला. जुनं यंत्र, पण चाल एकसंध, दुधावरच्या सायीसारखी. मालक वळसा घालून परत आले, दार उघडून म्हणाले, "गेली की! काय केलंत?"

मिस्त्री पुन्हा चढून बसले. काटा पुढे सरकला. माळ शहारली.

मालकांनी वेग कमी केला.  मग, एखाद्या वडीलधाऱ्याच्या धोतराचा कासोटा सुटलेला दिसावा आणि सांगावं कसं हे कळू नये, तशा आवाजात मालक म्हणाले, "मिस्त्री, जरा उतरता का? पुन्हा एकदा बघू."

पुन्हा बघितलं. आणखी एकदा बघितलं. सिमेंटच्या पोत्याएवढंही ज्या माणसाचं वजन नाही, त्याच्यामुळे एवढा मोठा ट्रक कसा हलेल? पण हलत होता. "असेल काहीतरी सीटचं," मालक म्हणाले आणि त्यांनी नजर चुकवली, हे मिस्त्रींना जास्त लागलं. मग मालक हळूच म्हणाले, "मामांना परत घ्यायचं तर माझी ना नाही. पण चारचौघांत तुम्ही त्यांना बोललात. आता गाडीत काय दोष होता, तेही तुम्हीच सांगायला हवं. मी काय सांगू?"

मिस्त्री घरी आले. त्यांनी हात पुढे करून बघितला. बोट हललं नाही. तळहातावर नाणं उभं केलं, ते उभं राहिलं. बायकोची शिवणाची सुई मागून घेतली आणि चष्म्याशिवाय पहिल्याच झटक्यात दोरा ओवून दिला. ती कौतुकाने हसली आणि त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या नि पेला ठेवून गेली. पेला अर्धाच भरला होता. तिच्या हातातला तिचा स्वतःचा मात्र काठोकाठ.

"मला अर्धंच का देतेस?"

ती दारातच थांबली. "सांडतं म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही बसलात की टेबलावर सांडतं. बरेच दिवस झाले." आणि मग, त्यांचा चेहरा पाहून, "अहो, मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

त्यांनी पेल्याकडे पाहिलं. पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती, एकामागून एक, घाईनं, मधून कडेकडे. ते उठून अंगणात गेले आणि दारातून वळून बघितलं, तेव्हा पाणी आरशासारखं पडून होतं.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मिस्त्रींना त्या दुपारी कळलं. भीती नंतर आली; आधी आली ती लाज. भाऊ का गप्प बसतो, बायकोनं आपली खाट भिंतीपासून का सरकवून घेतली, चहा पिणारे रिकामटेकडे ते जवळ येताच कपबशी हातात का उचलून धरतात, हे सगळं एका ओळीत उभं राहिलं. आणि ह्या वर्षात त्यांनी भंगारात काढायला लावलेले शाफ्ट, आणि 'हात जड झालाय' म्हणून ज्यांची तोंडं त्यांनी बंद केली, ते ड्रायव्हर. सगळ्या गाड्या त्यांनी तपासल्या होत्या, आणि एकही गाडी स्वतः उतरून तपासली नव्हती. तोळामासा चुकणारा तराजू घेऊन बसलेल्या वाण्यानं गिऱ्हाइकांनाच चोर म्हणावं, तसला हा प्रकार.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते मामांच्या घरी गेले. मामा ओसरीवर मोडक्या खुर्चीला पाय बसवत होते. मिस्त्रींना पाहताच त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि आधी, अगदी सहज, खिडकीतला दिवा उचलून जमिनीवर ठेवला.

"या, मिस्त्री. बसा ना."

"नको. उभाच बरा." मिस्त्रींनी मान खाली घातली. "मामा, तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं की. मी तर सांगितलंसुद्धा तुम्हाला. एकटा असलो की नसतं म्हणून."

"मग चारचौघांत मी तोंड टाकलं, तेव्हा का नाही बोललात? सरळ म्हणायचं, ह्याला खाली उतरवा आणि बघा!"

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "बोलून काय झालं असतं? मला चाक कुठंही मिळेल, मिस्त्री, नाही मिळालं तर खुर्च्या ठोकेन. पण नाडीवाल्याचीच नाडी बिघडली, असं बोललं गेलं असतं, तर तुमच्या दाराशी कोण उभं राहिलं असतं?" आणि मग जरा हसून, "शिवाय मामी म्हणाली, बरं झालं. सवत गेली."

आतून मामींचा आवाज आला, "मला मध्ये ओढू नका. दिवसभर तिचंच नाव चाललंय तुमचं!"

मामांचं हसू विरलं. ते खुर्चीच्या पायाकडे बघत राहिले आणि त्या बघण्यात काय होतं, ते मिस्त्रींना दिसलं. आपलं नाव राखायला मामांनी दाखवलेली असली दया सोसण्यापेक्षा त्यांनी मुस्कटात मारलेली बरी होती. मिस्त्रींनी तिथंच फोन काढला आणि मालकांना लावला.

"मामांचा दोष नव्हता. गाडीचाही नव्हता. माझा होता. हे तुम्ही वखारीत सगळ्यांना सांगा, माझ्या नावानिशी."

"तुमचा म्हणजे... काय झालं होतं म्हणून सांगू?" मालकांचा आवाज अवघडला.

"ते मला कळलेलं नाही," मिस्त्री म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात प्रथमच उच्चारलं असेल. "मामा आज येतील."

मामा उठले. कित्येक वर्षांनी लहान झाल्यासारखे उठले. फाटकापर्यंत सोडायला आले आणि तिथं घुटमळून, खाली बघत म्हणाले, "मिस्त्री, राग मानू नका. गाडी तुमच्याकडेच आणीन. फक्त... तुम्ही तिच्यात बसू नका."

"नाही बसणार," मिस्त्री म्हणाले.

गल्ली अरुंद होती, उन्हानं उजळलेली, आणि त्या वेळी तिच्यात कुठलंही वाहन नव्हतं. पुढे एक बाई लहान मुलाला घेऊन चालली होती. मिस्त्री तिच्या मागून चालत होते, मान खाली घालून, पावलांचा आवाजही होऊ न देता. ते जवळ आले तसं तिनं मागं वळून न पाहता मुलाचा हात घट्ट धरला, त्याला रस्त्याच्या कडेला ओढलं, आणि भिंतीला पाठ लावून, मोठी गाडी जाऊ द्यावी तशी ती थांबून राहिली. मिस्त्री पुढे गेले. गल्लीचं वळण येईपर्यंत त्यांनी मागं बघितलं नाही. आणि बघितलं, तेव्हा ती अजून तशीच उभी होती, दोन्ही हातांनी मुलाचे कान झाकून.