देवम्मांचं गाव आणि रॅमच्या दोन पट्ट्या

चौडप्पा मास्तरांचं गाव शरावतीच्या धरणाखाली गेलं तेव्हा ते आठ वर्षांचे होते. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले, कॉम्प्युटर घेतला आणि पडद्यावर ते गाव पुन्हा बांधायला बसले. कौलं, गोठे, सुपारीच्या बागा. माउस धरला की गल्लीतून चालत जाता येई.

पण चालताना गाव अडखळायचं. चार पावलं बरी जात, मग झाडं एकदम उडी मारून अंगावर येत. मास्तरांची थोरली बहीण देवम्मा एकदाच बघायला बसली आणि डोकं धरून उठली.

"भोवळ येते मला. तुझं गाव तुझ्यापाशीच ठेव."

मास्तरांनी रॅमची दुसरी पट्टी आणून स्वतःच बसवली. फरक पडेना. शेवटी सागर गावच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या नागरत्नाला निरोप गेला. ती लाँचमधून पाणी ओलांडून आली तेव्हा दुपार कलली होती. उन्हाळ्यानं धरणाचं पाणी खाली गेलं होतं आणि मास्तरांच्या खिडकीबाहेर पाण्यातून बुडालेल्या झाडांचे काळे शेंडे वर आले होते. वारा नव्हता. ताक पिता पिता तिला आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळेना.

तिनं कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि हसली. "मास्तर, दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी खोचल्यात. या दोन खाचा प्रोसेसरकडं जाणाऱ्या एकाच वाटेवरच्या. दुसरी वाट रिकामीच!"

"मला वाटलं, भावंडं आहेत, जवळ असू देत."

"भावंडं लांब असली की जास्त कामं करतात," देवम्मा दारातून म्हणाली.

नागरत्नानं मधली खाच सोडून पट्टी बसवली. कॉम्प्युटर सुरूच होईना. पट्ट्यांची अदलाबदल केली, एकेक लावून पाहिली. पहिल्या वाटेवर दोन्ही धडधाकट चालत. दुसऱ्या वाटेवर एकही चालेना. म्हणजे पट्ट्यांचा दोष नव्हता.

तिनं दुसऱ्या वाटेच्या खाचा निरखल्या; त्याही स्वच्छ होत्या. मग म्हणाली, "मास्तर, खरं सांगा. आणखी काय उघडलं होतंत?"

मास्तर खाली बघू लागले. "आतला, प्रोसेसरवरचा पंखा बदलला होता. शिमग्याच्या सुमारास."

"स्क्रू?"

"घट्ट आवळले. डावीकडचे जरा जास्तच."

"एका बाजूनं दाबलंत तर खालचा प्रोसेसर तिरका बसणारच. मग त्याची त्या बाजूची टोकं टेकत नाहीत आणि वाट बंद!"

तिनं पंखा काढला, प्रोसेसर उचलून सरळ ठेवला, उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली. मग जीपच्या चाकाचे नट आवळतात तसे, एक इकडचा, एक समोरचा, थोडा थोडा करत स्क्रू फिरवले. दोन्ही वाटांवर एकेक पट्टी खोचून बटण दाबलं. पडद्यावर दोन्ही वाटा चालू असल्याचं आलं. मास्तरांनी नकळत हात जोडले.

"आधी मी जाऊन येते," नागरत्ना म्हणाली.

पडद्यावरच्या गावातली तांबडी वाट संथपणे सरकू लागली. सावल्या तिच्या बाजूनं पाण्यासारख्या वाहत गेल्या. कुठं धक्का नाही, कुठं थांबणं नाही. कधी न पाहिलेल्या घरांमधून जाताना तिला वाटलं, इथं कुणीतरी आपल्याला हाक मारील. ती उठली आणि खुर्ची मागे सरकवली.

"अक्का, बसा."

देवम्मा बसली. माउस तिनं पोळपाटावरच्या लाटण्यासारखा दोन्ही हातांनी धरला. घरं, विहीर, गावराखण्या भुताप्पाचं झाड मागे पडलं. ती थांबेना. पार नदीच्या उतारापर्यंत गेली आणि तिथं सगळं पांढरं होतं.

"पुढं काय रे?"

"पुढचं मला आठवत नाही, अक्का. मला खाली जाऊ देत नव्हते."

देवम्मा पुढं वाकली. मग पांढऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "इथं सपाट दगड होता. त्यावर आम्ही सगळ्या कपडे आपटायचो. चंपाबाई गायची, भसाडी. डावीकडं केवड्याचं बन. साप असायचे, म्हणून मुलांना बंदी."

मास्तरांनी कागद ओढला. "दगड केवढा?"

"चौघी बसतील एवढा," ती म्हणाली, आणि सरकून भावाला शेजारी जागा करून दिली.